पाचव्या बॅटरीचा वास

पेट्रोलियम जेलीच्या डबीत बोट फिरवल्याचा खळगा होता आणि त्या खळग्याला काळपट-हिरवी कड होती.

कोरिन डबीकडे बघत राहिली. ही डबी ओपलची. नऊ महिन्यांच्या लेकीची कातडी डायपरने लाल झाली की लावायची. सासऱ्याने तीच बॅटरीच्या टोकांना चोळली होती, आणि मग झाकण घट्ट लावून, डबी पुसून, होती तिथे परत ठेवली होती. तिला ओकारी आली ती त्या नीटनेटकेपणाची. घाण करून तशीच टाकली असती तर निदान ती दिसली तरी असती.

तिने डबी कचऱ्यात टाकली. मग उचलून दोन पिशव्यांत गुंडाळून पुन्हा टाकली. रांगती पोर कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोचते.

वादळात त्यांचं भाड्याचं घर छातीभर पाण्यात गेलं, म्हणून त्या दोघी इथे, पेलिकन रीचमध्ये, सासऱ्याकडे, मर्लकडे आल्या होत्या. नवरा डॅरेल विजेच्या तारा जोडणाऱ्या टोळीत होता. वादळानंतर घरात बसणं त्याच्या नशिबात नव्हतं. तो उत्तरेकडे खांब उभे करत होता आणि रोज संध्याकाळी फोनवर म्हणत होता, बाबा असेच आहेत, तू मनावर घेऊ नकोस. पेलिकन रीच ही पंचावन्न वर्षांपुढच्यांची वसाहत. लहान मूल पाहुणं म्हणून तीस दिवस राहू शकतं, एकतिसाव्या दिवशी समितीची नोटीस. ओपलचे चाळीस उलटले होते. म्हणून खिडक्यांचे पडदे ओढलेले, बाबागाडी घडी करून कपाटात, आणि पोरीने भोकाड पसरलं की कोरिन टीव्हीचा आवाज वाढवायची. गॅरेजचं शटरही सदोदित खाली. तो तर वसाहतीचा वेगळाच नियम होता : गाडी आत-बाहेर करण्यापुरतंच शटर वर, एरवी बंद. समितीची व्हर्ना पेल्टियर दिवसातून दोनदा आपल्या गोल्फ कार्टमधून फेरी मारायची, वही मांडीवर घेऊन.

आणि त्या बंद गॅरेजात मर्ल बॅटऱ्या उकळवत होता.

त्याच्या गोल्फ कार्टच्या सहा बॅटऱ्या होत्या, आसनाखाली दोन रांगांत बसवलेल्या. डोळे गेले म्हणून दोन वर्षांपूर्वी मर्लचा मोटारीचा परवाना काढून घेतला होता. आता दुकान, चर्च, डॉक्टर, सगळं त्या कार्टवर. त्याआधी सव्वीस वर्षं तो एका गोल्फ क्लबच्या बॅटरीखान्यात होता आणि मेलेल्या बॅटऱ्या उठवायचा. झटकन नवा संच घेणाऱ्यांबद्दल तो असं बोलायचा, जणू त्यांनी आजारी बायको सोडून दुसरी केली. यंदा त्याचाच संच बसला होता. दुकानापर्यंत जायचा आणि परतताना तळ्याच्या चढावर अडायचा.

उपाय त्याच्या मते एकच. सहाही बॅटऱ्यांना दर शनिवारी नेहमीपेक्षा जास्त दाबाने तासन् तास चार्ज द्यायचा. आतलं तेजाब खदखदतं, शिशाच्या पट्ट्यांवर बसलेला पांढरा थर सुटतो आणि मागे पडलेले कप्पे इतरांच्या बरोबरीला येतात. "एक जरी मागे राहिला ना पोरी," तो म्हणायचा, "तर बाकीच्यांना त्याच्यासाठी उकळावं लागतं. कुटुंबासारखंच आहे." हे बोलताना तो आपल्या विनोदावर हसायचा आणि त्याच दाताच्या ब्रशने बॅटरीवरचा साका घासायचा, जो नंतर स्वयंपाकघरात ओपलच्या बाटल्यांच्या ब्रशशेजारी उभा असायचा. तो साका हिरवट-पांढरा, भुसभुशीत, सर्दी झालेल्या पोराच्या नाकाखाली सुकतो तसा. पाणी भरायला त्याने थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजायच्या टर्कीवर रस सोडायची रबरी फुग्याची पिचकारी घेतली होती. या वर्षी आपण टर्की खाणार नाही, हे कोरिनने तेव्हाच ठरवलं.

पहिल्या शनिवारी ओपलच्या खोलीतला विषारी वायूचा गजर वाजला होता. ती खोली गॅरेजला लागूनच. कोरिन पोरीला घेऊन अनवाणी मागच्या अंगणात पळाली. मर्ल सावकाश आला, त्याने गजर भिंतीवरून काढला आणि खिशात टाकला. म्हणाला, हा मोटारीच्या धुरासाठी असतो, बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनने फसतो. कोरिनने नंतर शोधून पाहिलं. म्हातारा बरोबर होता. आणि तो एकदा बरोबर निघाल्यापासून तिची बोलायची सोयच गेली. काहीही म्हटलं की तो खिशावर थाप मारायचा.

बॅटऱ्यांचा वास मात्र तिच्या पोटात बसला होता. कुजक्या अंड्यांचा, गटारीचा, उशीत, टॉवेलात, पोरीच्या टाळूवर. मर्लला विचारलं तर तो म्हणे, "कसला वास? थोडाफार येणारच. बरं होण्याचा वास आहे तो." ओपलच्या धुतलेल्या झबल्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडू लागली तेव्हा आधी तिला कसर वाटली. मग लक्षात आलं की भोकं खांद्यावर आणि पाठीवर आहेत, जिथे आजोबांचे हात लागतात तिथे. तेजाबाचा थेंब सुकून बसतो आणि कापड धुतलं की तिथे विरतं. झबल्याला भोक पडतं, तर त्याखालच्या कातडीचं काय? तिने पोरीला उजेडात उघडी करून इंच न् इंच पाहिली. काही नव्हतं. तरी रोज पाहू लागली.

तेजाबाची घनता मोजायची काचेची नळी मर्ल तिच्याच हातात द्यायचा. "चष्मा आत राहिलाय," म्हणायचा. चष्मा त्याच्या कपाळावर असायचा. नळीत तेजाब ओढलं की आतला तरंगता काटा आकडा दाखवायचा, आणि चांगल्या कप्प्यात तो बाराशे पासष्टच्या आसपास यायचा. पाचव्या बॅटरीच्या दुसऱ्या कप्प्यात तो तीन शनिवार अकराशे पन्नासवर बसून होता. ती तसं सांगायची. तो मान हलवायचा आणि म्हणायचा, चढतोय, चढतोय, अजून दोन तास देऊ.

चौथ्या शनिवारी सकाळी नऊलाच त्याने चार्जर लावला. साडेअकराच्या सुमारास कोरिन स्वयंपाकघरात रताळं कुस्करत होती आणि तिला जाणवलं की वास गेलाय. खरंच गेला होता. तिने खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. नुसतं रताळं आणि साबण. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली. तिने ओपलच्या चार घासांबरोबर स्वतः दोन खाल्ले, तिला खाली सोडलं आणि मनात म्हटलं, संपलं एकदाचं, झाल्या बॅटरीबाई बऱ्या. ओपल फरशीवर पोट घासत गॅरेजच्या दाराकडे निघाली होती. जाऊ दे, म्हटलं. वास नाही तर काय.

घाणेरडा डायपर मागच्या पिंपात टाकायला ती पोरीला कडेवर घेऊन बाहेर गेली. बाहेर ऊन रणरणत होतं तरी ती कुंपणाशी रेंगाळली, ओपलला तळ्यातला बगळा दाखवला. चांगली पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. परत येऊन दार उघडलं आणि वासाने तिला थोबाडीत मारावी तशी मारली.

खाल्लेलं रताळं वर आलं. तिने ते तिथेच पायरीखालच्या झुडपात ओकलं, एका हाताने पोरीचं डोकं बाजूला धरून.

वास गेलाच नव्हता. गेलं होतं तिचं नाक.

कॉलेजातल्या रसायनाच्या बाई एक गोष्ट दरवर्षी दोनदा सांगायच्या : हायड्रोजनला वास नसतो, कुजक्या अंड्यांचा वास येतो तो दुसराच, विषारी वायू, आणि तो नाकाला लवकर थकवतो. वास थांबला म्हणजे वायू थांबला असं समजू नका. आणि तो हवेपेक्षा जड असतो. त्या वेळी कोरिनने हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता ती दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांपुढे फरशी होती. तीच फरशी, पोट घासत निघालेली पोर, आणि दाराखालची बोटभर फट.

ओपलला तिने पुढच्या अंगणात, हिरवळीवर, भर उन्हात ठेवलं. कोण बघेल ते बघू दे. मग श्वास रोखून आत गेली. धुण्याच्या खोलीतल्या विजेच्या पेटीत गॅरेजचं बटण होतं, ते पाडलं. गॅरेजात मर्ल स्टुलावर बसला होता, ओठांवर शीळ, मांडीवर चिंध्या. पाचव्या बॅटरीची कूस गर्भार मांजरीसारखी फुगली होती आणि झाकणाखालून तपकिरी फेस ओघळत होता.

"वीज गेली की काय?" तो म्हणाला.

"मी घालवली. मर्ल, बाहेर चला."

"अगं, अजून दोन तास..."

"तुम्हाला वास येतोय?"

"काही वास नाही," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. त्याच्या तोंडावर इतका निष्पाप भाव होता, की तिला त्याचीच किळस आली, त्या फेसापेक्षा जास्त.

वीज नव्हती, आणि असती तरी ठिणगीच्या भीतीने ती तिथे बटण दाबणार नव्हती. तिने शटर मोटरपासून सुटं करणारी छताची लाल दोरी ओढली आणि शटर हातांनी वर ढकललं. ऊन आत आलं. मर्ल उठला, म्हणाला, खाली कर, व्हर्नाची फेरी आहे, पोर बाहेर दिसतेय, वेड लागलंय का तुला. कोरिनने त्याचा दंड धरला आणि त्याला हिरवळीवर नेऊन ओपलशेजारी बसवलं.

"अर्धा तास बसायचं. पोरीला सांभाळायचं. मग आत जाऊन सांगा मला वास नाही म्हणून. तसं सांगता आलं, तर मी बॅग भरणार नाही, तोंड उघडणार नाही, तुम्ही म्हणाल तितके शनिवार काढीन."

तो बसला. बहुधा आपण जिंकणार याची खात्री होती म्हणून बसला. ओपल त्याच्या बुटांच्या नाड्या चोखू लागली तेव्हा त्याने बूट काढून लांब फेकले. एवढं त्याला कळत होतं. व्हर्नाची कार्ट वळणावर आली, हळू झाली, थांबली. तिने वही उघडली आणि लगेच रुमाल नाकाला लावला.

"मर्ल हॅस्कट, गटार फुटलंय का तुझ्याकडे?"

त्याने घड्याळ डोळ्यांशी नेऊन बघितलं, वेळ भरलेली पाहिली, उठला, आणि मोज्यांनीच गॅरेजात शिरला. शटर उघडं असूनही आत उग्र वास होता. कार्टपाशी पोचायच्या आधी त्याचे खांदे आखडले. तो वळला, हात तोंडावर घेऊन भिंतीला टेकला आणि त्याला उलटीचे कोरडे उमाळे आले, एकामागून एक. कोरिन पाहत राहिली. तिने पाणी आणून दिलं नाही. खिशातून त्याने गजर काढला आणि तो हातात धरून बाहेर आला. मग पोरीकडे पाहिलं आणि तिला उचलायला वाकला. आपल्या हातांकडे बघितलं आणि सरळ झाला.

"तिला मी इथे..." तो म्हणाला.

व्हर्नाने विचारलं, मूल कधी आलं. आजवर या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं : परवाच. मर्ल म्हणाला, "त्रेचाळीस दिवस. लिही. आणि शटर उघडं राहणार आहे, तेही लिही."

तिने दोन्ही लिहिलं. जाताना म्हणाली, पोरीला डॉक्टरकडे न्या, मी सोडते. कोरिन तिच्या कार्टमध्ये बसली, कारण दुसरी चालणारी कार्ट तिथे नव्हती. डॉक्टरने ओपलची छाती तपासली, डोळे तपासले, बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला. ठीक आहे म्हणाला. कोरिनने पुन्हा बघायला लावलं. त्याने पुन्हा बघितलं.

नोटीस सोमवारी आली. पाचवी बॅटरी थंड झाल्यावर मर्लने ती भंगारवाल्याला दिली आणि तिची रिकामी जागा तशीच सोडली. आता दुकानात जायला तो चालत जातो, असं डॅरेल सांगतो. नातीला भेटायला कधी येऊ, असंही मर्लने विचारलंय. कोरिनने अजून उत्तर दिलेलं नाही.

त्या दोघी दोन गावं पलीकडे, डॅरेलच्या आतेबहिणीच्या वरच्या खोलीत आल्या. सगळ्या खिडक्या उघड्या. दुपारी कोरिनने ओपलच्या कपड्यांची बॅग उघडली आणि तो आलाच, झबल्यांच्या घड्यांतून, कुजका, गोडसर. तिने नाक दाबलं नाही. भोकं पडलेलं एक झबलं तोंडाशी धरून तिने मोठा श्वास घेतला.

वास येत होता. तिला मळमळलं, आणि हायसं वाटलं.