अनारशांच्या डब्यातली घोडेस्वारी

दचकू नका, डब्यातून मीच बोलतेय. मी एक फिल्म. तीही स्वस्तातली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडायला नको.

माझा नायक कॅक्टस कॅल हा मुळात वर्तमानपत्रातल्या कॉमिकमधला काउबॉय. रोज चार चौकटींत तो दुष्टांना धडा शिकवायचा. एका छोट्या कंपनीनं त्याच्यावर सिनेमांची मालिकाच काढली. पैसा बेताचा. तोच डोंगर, तोच घोडा, तेच दरोडेखोर. एका सिनेमात मेलेले पुढच्या सिनेमात मिशा लावून हजर! मोठ्या थिएटरांनी आम्हाला दारात उभं केलं नाही. नसेना का! गावोगावच्या शनिवारच्या खेळाला मुलं खुर्च्यांवर उभी राहून ओरडायची. तशी दाद त्या मोठ्यांच्या नशिबी होती का, विचारा.

माझ्या पोटात एक प्रसंग आहे. कॅल भरधाव घोड्यावरून पडतो. पडतो तो खरा कॅल नव्हेच. नट घोड्याला घाबरायचा, म्हणून त्याचे कपडे घालून वॉल्टर नावाचा तरुण पडायचा. तोंड दिसू नये म्हणून टोपी डोळ्यांवर ओढलेली. त्या दिवशी पडता पडता टोपी उडाली आणि वॉल्टरचा चेहरा कॅमेऱ्यात आला. धुळीनं माखलेला, हसरा. चूकच ती. पण पुन्हा चित्रीकरण करायला पैसे कुठे होते?

"राहू दे, कोणाला कळतंय!" दिग्दर्शक म्हणाला.

चेहरा राहिला. पडद्यावरच्या नावांत मात्र वॉल्टर कुठेच नाही.

पुढे टीव्हीवर मी पुष्कळ धावले. मग कॅसेटचे दिवस आले आणि टीव्ही स्टेशननं मला अडगळीत टाकलं. तिथून म्हाताऱ्या वॉल्टरनं मला हुडकून घरी आणलं, न्यू जर्सीत, एडिसनला. बायको गेल्यापासून तो एकटाच होता. "यात मी आहे," तो ज्याला त्याला सांगायचा. त्याची मुलगी लिंडा हसायची. "हो डॅड, आणि मी इंग्लंडची राणी." प्रोजेक्टर बंद पडलेला, बिचारा दाखवणार तरी कसं?

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात लिंडानं बापाला आपल्याकडे ॲरिझोनाला न्यायचं ठरवलं. वॉल्टर डॉक्टरकडे गेला असताना तिनं जुनं सामान विकायला घरापुढे यार्ड सेल मांडला. शेजारची पद्मिनी आली आणि थेट माझ्या डब्याकडे वळली. अधिक श्रावण चालू होता. अनारशांना असाच पसरट डबा लागतो. उभ्या डब्यात खालचे मोडतात. झाकण गंजून घट्ट बसलेलं. आत बिस्किटं-बिस्किटं असतील, असं समजून तिनं मला घरी नेलं.

झाकण निघालं तर आत मी!

"हे काय उचलून आणलंस?" तिचा नवरा श्रीराम म्हणाला. "काउबॉयची फिल्म दिसतेय. गार्बेजमध्ये टाक."

"अहो, कोणाची तरी मेहनत असेल."

"कसली मेहनत! दर वेळी तीच ती स्टोरी. येतो, मारामारी करतो, जातो."

"आणि आपली शुक्रवारची कहाणी? ती कुठे बदलते? तरी हातात अक्षता धरून ऐकतोच ना दर वर्षी?"

आजवर माझी इतकी सरळ बाजू कोणी घेतली नव्हती. पण पद्मिनी डबा घासायला गेली आणि श्रीरामनं मला काळ्या पिशवीत कोंबून रस्त्याच्या कडेला ठेवलं. खरकट्यात पडले, पण रडले नाही. घोड्यावरून पडण्यात माझा जन्म गेलाय.

सकाळी पद्मिनी अनारसे तळत होती. तिची मैत्रीण सुलेखा मदतीला आलेली. "अगं, तुझी वीणा अजून तिसरीत. वाण घ्यायला जावई आणणार कुठून?"

"देव धाडेल कोणालातरी," पद्मिनी म्हणाली.

आणि दार वाजलं. वॉल्टर. हातात टोपी. "पद्मिनी, तो गोल डबा... लिंडा म्हणते तू नेलास. मी खोटारडा नाही, याचा तेवढाच एक पुरावा होता माझ्याकडे."

"फिल्म मी काल कचऱ्यात टाकली," आतून श्रीराम पुटपुटला. कचऱ्याची गाडी तेव्हा कोपऱ्यावर वळत होती. पद्मिनी पिठाच्या हातांनी, अनवाणी धावली. "थांबा हो, थांबा!" ड्रायव्हरला मराठी कळेना, पण तो थांबला. तिनं पिशवी छातीशी धरली. मागून श्रीराम आला, खाली मान घालून. "दे इकडे, मी पुसतो."

पुसताना पद्मिनीला माझ्या कडेची भोकं दिसली. ती हसली. अधिक महिन्यात भोकंवाल्या, जाळीदार वस्तूचं दान करतात, अनारसे त्यासाठीच. तिनं तुपाच्या हातांनीच मला घासलेल्या डब्यात ठेवलं, ताटात तेहतीस अनारसे मांडले, वर दिवा लावला आणि दोन्ही वॉल्टरच्या हातात दिलं.

"हिचं काय वेगळंच!" सुलेखा म्हणाली, पण तिनंही हळदकुंकवाचं बोट डब्याला लावलं.

श्रीराम इंजिनियर. दुपारभर वॉल्टरच्या प्रोजेक्टरशी झटला आणि त्यानं तो चालू केला. गॅरेजचं दार ओढून पद्मिनीची पांढरी चादर टांगली. मी धावले. घोडा धावला. कॅल पडला, टोपी उडाली.

"मॉम! दॅट्स वॉल्टर!" वीणा ओरडली.

लिंडा दाराशी उभी होती. ती पुढे आली, बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "डॅड, परत लाव ना."

आता मी ॲरिझोनात, लिंडाच्या कपाटात असते. वॉल्टर जाऊन वर्ष झालं. माझं अंग आक्रसलंय, व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, पण झाकण उघडलं की अजून तुपाचाही येतो. परवा कॅसेटवाला लिंडाला म्हणाला, "मी हिची कॉपी काढून देतो. तो टोपीचा घोळही कापून टाकतो." लिंडानं त्याला दारातूनच परत पाठवलं.

बरं झालं. महागड्या सिनेमात तो चेहरा पहिल्याच दिवशी कापला गेला असता. मी स्वस्तातली, म्हणून वॉल्टर राहिला. तेव्हा अडगळीत माझ्यासारखी कोणी सापडली, तर टाकण्याआधी एकदा उजेडासमोर धरा. एवढंच मागणं. आणि मला स्वस्त म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी पुन्हा पडेन, टोपी पुन्हा उडेल, आणि तो धुळीनं माखलेला पोरगा तुमच्याकडे बघून हसेल.