समुद्राकडची खिडकी

समुद्राकडच्या खिडकीचे रात्रीला अठ्ठावीस युरो जास्त पडतात, असं एकहार्टभावजींनी चौकटीच्या कागदावर लिहिलं, खाली पट्टी धरून रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे आमच्या घरात कुणाचंही काहीही बरोबर आहे की नाही, हे ठरवायला माझ्याकडे येतं.

टेबलापलीकडे माझी ताई, आनेग्रेट, डोक्याला रुमाल बांधून बटाटे सोलत होती. आदल्या दिवशी डॉक्टरांनी तिला सहा महिने सांगितले होते. तारीख एक एप्रिल. ताई आधी हसली होती म्हणे. मग तिच्या लक्षात आलं की डॉक्टर हसत नाहीयेत.

भावजींनी हाम शहराच्या पाणीखात्यात अडतीस वर्षं मीटर वाचले. अशा माणसाला सहा महिने म्हटलं की एकशेऐंशी दिवस दिसतात. शिवाय दोघांची चोवीस वर्षांची रीत होती: उत्तर समुद्रातलं तेच बेट, त्याच ओनकेनबाईंचं घर, तीच मागची खोली. तिची खिडकी सायकलींच्या छपरावर आणि कचऱ्याच्या चार डब्यांवर उघडायची. दर जानेवारीत भावजी कागद घेऊन बसत. बोटीचं भाडं, बेटावर माणशी रोजचा कर, किनाऱ्यावरच्या वेताच्या दोन माणसांच्या खुर्चीचं आठवड्याचं भाडं. कॉफीची पूड घरून, गाळायचे कागद मोजून चौदा. बोटीवर खायला उकडलेली अंडी, कारण बोटीवर सॉसेजला साडेचार युरो घेतात. चोवीस वर्षांत खर्च अंदाजाच्या पुढे एकदाही गेला नव्हता. लोक सुट्टीहून फोटो घेऊन येतात, भावजी हे घेऊन यायचे.

“या वर्षी समोरची खोली,” भावजी म्हणाले. “मे महिन्यात ब हंगाम असतो. समोरची एकशेसोळा, मागची अठ्ठ्याऐंशी. पंधरा सप्टेंबरला क हंगाम लागतो, की समोरचीच अठ्ठ्याऐंशी. शिवाय कर निम्मा.”

“मेमध्येच जाऊ या ना,” ताई म्हणाली. “मागची चालेल मला. तिथूनही समुद्र ऐकू येतो.”

“मला नाही कधी आला.”

“तू खिडकी लावून झोपतोस, डब्यांचा वास येतो म्हणून. आणि वर घोरतोस.”

भावजींनी पेन्सिल खाली ठेवली. पेन्सिल ते सहसा ठेवत नसत.

“चोवीस वर्षं तुला कचऱ्याचे डबे दाखवले, आनेग्रेट. एकदा तरी नीट नेऊ दे.”

मग त्यांनी मला हिशेब समजावला. एक एप्रिलपासून एकशेऐंशी दिवस म्हणजे अठ्ठावीस सप्टेंबर. सुट्टी पंधरा ते बावीस. परत आल्यावर सहा दिवस राखीव. कुठल्याही कामाला थोडं राखीव धरायचं, ही खात्याची पद्धत होती.

वरचा फरक मी देतो, म्हणून मी सांगून पाहिलं. सात रात्रींचे एकशे शहाण्णव युरो. मेमध्येच जा, समोरच्या खोलीत.

“पैसे आहेत, फोल्कर,” भावजी जरा दुखावून म्हणाले. “पण जास्त का द्यायचे?”

याला गणितात उत्तर नाही. मी कागद तपासला. निघायच्या दिवशी कर नसतो, तो त्यांनी धरला होता. दोघांचे मिळून तीन युरो कमी झाले. भावजी खूश झाले. ताई माझ्याकडे पाहत होती. “बरोबर आहे,” मी म्हणालो. तिने पुढचा बटाटा घेतला.

मे फार सुंदर गेला. ब हंगाम वाया जातोय हे आम्ही तिघांनीही बाल्कनीत बसून पाहिलं. जूनमध्ये ताईला जिने जमेनात. तेव्हा भावजींनी, मला न सांगता, ओनकेनबाईंना फोन केला. जुलै-ऑगस्टमध्ये काही मिळेल का, अ हंगामाच्या भावाने, मागची, पोटमाळ्यावरची, कुठलीही? बेटावर त्या दिवसांत कोंबडीलाही जागा नसते. खोल्या जानेवारीतच संपतात, हे भावजींइतकं कुणाला ठाऊक होतं? शेवटी बाईंनीच उलट फोन केला, माझी झोपायची खोली देते, मी बहिणीकडे जाते. पण तोवर जुलै उजाडला होता आणि ताई इस्पितळात होती. डॉक्टरांनी बोटीचं नाव काढू दिलं नाही.

नऊ ऑगस्टला ती गेली. सहा दिवस राखीव होते. पंधरा सप्टेंबर गाठायला कमी पडले सदतीस.

ओनकेनबाईंनी कळवलं, खोली रद्द करा, एक पैसा घेणार नाही. भावजी म्हणाले, रद्द करायची मुदत उलटून गेली आहे, नियम तो नियम. नोंदणी दोघांची होती, म्हणून दुसरा मी गेलो.

बोटीवर त्यांनी डबा उघडला. चार अंडी होती. माझ्यासाठी दोन असतील असं मला वाटलं, पण त्यांनी डबा परत लावला, काउंटरवर गेले आणि एक सॉसेज घेऊन आले. ताई त्यांना दर वर्षी टोमणा मारायची, बोटीवरचं सॉसेज कसं लागतं ते न कळताच मी मरणार. त्यांनी निम्मं खाल्लं, अगदी सावकाश, सही करण्याआधी कागद वाचावा तसं.

“बरं नाहीये,” ते म्हणाले. “फार कशाला मुकली नाही.”

उरलेलं कागदात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवलं. समुद्रपक्ष्यांना घालायला बंदी आहे.

ओनकेनबाईंनी समोरच्या खोलीत दोन उशा आणि एक टॉवेल ठेवला होता. ताईचं काय ठेवावं न ठेवावं यावर बाईंचाही बराच विचार झालेला दिसत होता. खिडकी भिंतभर होती. बाहेर समुद्र, जाहिरातीत असतो तितका. भावजी कोट न काढता उभे राहिले. साधारण दोन मिनिटं. मग खाली जाऊन त्यांनी विचारलं, मागची रिकामी आहे का?

रिकामी होती. बाई म्हणाल्या, ती आता साठला आहे, वरचे परत देते.

“नको,” भावजी म्हणाले. “दोन्ही लावा. समोर हा झोपेल.”

एका आठवड्यात त्यांनी अंदाजाच्या चारशेवीस युरो पुढे उडी मारली. कागद त्यांनी आणलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेऊन मी मागच्या खोलीत गेलो. खिडकी सताड उघडी होती. भावजी अंथरुणाच्या कडेला, डाव्या बाजूला, कोट घालून बसले होते. खाली सायकली आणि चार डबे. वास येत होता.

“बस,” ते म्हणाले. “बोलू नकोस.”

मी बसलो. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. असा वारा असला की या घराच्या मागच्या बाजूला समुद्र औषधालाही ऐकू येत नाही. एका डब्याचं झाकण तेवढं थोडं उचललं जाऊन खाली पडत होतं.

“येतोय का रे ऐकू?” भावजींनी विचारलं.

मी शाळेत गणित शिकवतो. हो म्हणालो. एप्रिलमध्येही ‘बरोबर आहे’ म्हणालो होतो.

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. झाकण पुन्हा वाजलं.