गार कपाळ

“यावर तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही,” म्हणत म्हाताऱ्या जेबेझनं हॅमचा जाड काप पावात दुमडला. “म्हणून तर सांगतो.”

“मागच्या खेपेला तुझ्या घोड्यानं प्रार्थना म्हटली होती,” स्वयंपाकीण मिसेस प्रॉक्टर चहा ओतत म्हणाली. “आज कोण, डुक्कर?”

सगळे हसले. डोर्कस हसली नाही. वर दिवाणखान्यात थोरले मालक शवपेटीत निजले होते, आणि घरातल्या प्रत्येकानं जाऊन त्यांच्या कपाळाला हात लावायचा होता. माळावरची रीतच ती. ज्यानं मढं पाहिलं आणि हात लावला नाही, त्याच्या स्वप्नात ते जन्मभर येतं. बाकीचे जाऊन आले होते. डोर्कस जिन्यापर्यंत जाऊन परत आली होती. जिवंतपणी मालकांनी तिच्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. आता डोळे उघडले तर?

तिची आई, केझाया, याच हवेलीत मोलकरीण होती. पाळण्यातली पोर टाकून फेरीवाल्याबरोबर पळाली, म्हणे. हे ऐकत डोर्कस वाढली होती, आणि अजून रोज मनात तोच एक प्रश्न: खरंच टाकून गेली?

“तुझी आई माझ्या स्वप्नात येते, पोरी,” जेबेझ म्हणाला.

किटली हवेतच थांबली.

“मेल्या, जीभ आवर! वर मालक पडलेत, आणि पोरीला काय सांगतोस!”

“रोज येते. पश्चिमेकडच्या बंद खोल्यांतून. आता तूच सांग, जिवंत माणूस कशाला असं येईल?”

धुराड्यात वारा घुमला. गाव पार माळापलीकडं. इथं किंचाळलं तर ऐकायला मेंढ्याच. डोर्कसनं खुर्ची जेबेझजवळ ओढली.

“कशी... कशी येते, बाबा?”

जेबेझ पुढं झुकला. थाप मारताना त्याचा आवाज असाच लोण्यासारखा व्हायचा, हे डोर्कसलाही ठाऊक होतं. तरी तिनं एप्रनचा कोपरा मुठीत आवळला.

“आधी जिन्यावर बूट वाजतात. लाकडी तळव्यांचे. खाड्... खाड्... मग दार आपसूक उघडतं. झगा चिंब, केसांत चिखल, पण बूट बघावेत तर रविवारचे, लखलखीत! उशाशी येऊन उभी राहते, आणि हळूच हात—”

“खोटं.”

दारात मालकांची बहीण, मिस ऑगस्टा, उभी होती. केव्हा आली, कुणालाच कळलं नव्हतं. खुर्च्या सरकवत सगळे धडपडून उठले. तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. वर्षानुवर्षं झोप न लागलेल्या माणसाचे असतात तसे तिचे डोळे तांबारलेले होते.

“खोटं बोलतोस, जेबेझ,” ती थकलेल्या आवाजात म्हणाली. “ती अनवाणी येते.”