चारही चाकं गप्प

मी ट्रेलरच्या पोटाखाली उताणी पडले होते, तोंडात टॉर्च, केसांत माती, आणि सल्ले मात्र सगळे माझ्या नवऱ्याला, ऑर्व्हिलला, मिळत होते. कॅम्पग्राउंडची ही जुनीच खोड आहे. कुणी नुसता पाना हातात घेतला, की आजूबाजूच्या ट्रेलरांमधले पुरुष कॉफीचे मग आणि घडीच्या खुर्च्या घेऊन जमा होतात. दुखणं प्रत्येकाला आधीच कळलेलं असतं. आणि बोलायचं ते बाप्याशीच, मग तो बाप्या बाजूला बसून बिस्किटं का खात असेना.

ऑर्व्हिलला तर दिसतही नाही. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आलेत. कडेचं थोडंफार दिसतं, समोरचं काही नाही. जन्मभर हा ट्रेलर, आमचं चाकांवरचं घर, त्याने पिकअपमागे ओढला, त्यानेच दुरुस्त केला, आणि ट्रेलर मागे असला की मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. या वर्षी त्याचं लायसन गेलं, तेव्हा मी म्हटलं, मी चालवते. आमचा मुलगा ब्रेंट बिलिंग्जहून फोनवर तासभर ओरडला. मी त्याला म्हटलं, तू पोटात होतास तेव्हाही मी पिकअप चालवत होते, ट्रेलर तर नुसता मागे बांधलेला आहे.

निघालो. बिगहॉर्न डोंगराचा पश्चिमेचा चढ मी झोकात चढवला. चढाला ब्रेक लागतो कुणाला? वर पठारावर पोचलो आणि कॅम्पग्राउंडच्या एवढ्याशा उताराला ट्रेलर मागून ढकलायला लागला. असल्या ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात. पिकअपमध्ये ब्रेक दाबला की वायरीतून वीज मागे जाते, चारही चाकांतले मॅग्नेट ड्रमला चिकटतात आणि ट्रेलर आपलं वजन आपण सांभाळतो. आमचा सांभाळेना. मग पुढच्या वळणावर एकदम सांभाळला, असा की ऑर्व्हिलच्या मांडीवर कॉफी सांडली. त्यानंतर पुन्हा नाही.

आता पुढे होता पूर्वेचा उतार, थेट डेटन गावापर्यंत, वळणावळणाचा. ब्रेकचा भरवसा नसलेला ट्रेलर घेऊन तो उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मागच्या टेकडीवर फोनला रेंज येते. तिथून मी ब्रेंटला सगळं सांगितलं, हा माझा गाढवपणा. जागचं हलू नका, म्हणाला. शनिवारी गाडी ओढून नेणारा माणूस घेऊन येतो, ट्रेलर बिलिंग्जला नेतो, तिथे एक गिऱ्हाईक तयार आहे.

"पुरे झालं आता, आई. बाबांना दिसत नाही आणि तुला येत नाही."

तुला येत नाही. फोन ठेवला आणि मी टेकडीवर उभं राहून वाऱ्याला दोन सणसणीत शिव्या दिल्या. माझं सोडा, पण ट्रेलर गेला तर ऑर्व्हिलकडे उरणार काय? घरी तो खुर्चीत बसून टीव्हीचा आवाज ऐकतो. इथे तो पाइनचा वास घेतो, ओढ्याच्या आवाजावरून पाणी किती आहे ते सांगतो, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गप्पा मारतो. शनिवारच्या आत ब्रेकचं दुखणं सापडलं नाही, तर हे सगळं विकलं जाणार होतं. म्हणून मी मातीत पडले होते.

शेजारच्या ट्रेलरमधला गार्लंड म्हणत होता की मॅग्नेट गेलेत, चारही बदला. दुसऱ्याचं म्हणणं, ट्रेलरच्या ब्रेकला वीज सोडणारा पिकअपमधला डबाच खराब आहे. तिसरा म्हणाला, खराब कशाला, जोर वाढवायचा, त्या डब्यावर चकती असते. चकती मी कधीच फिरवून बसले होते. जोर वाढवला तर एकतर काहीच होत नव्हतं, नाहीतर चाकं जागच्या जागी जाम होत होती. मी खालूनच ओरडून सांगितलं की चारही चाकं एकदम चालतात आणि एकदम बंद पडतात, म्हणजे दुखणं चाकांत नाही. शेगडीचा एक बर्नर बंद पडला तर बर्नर बिघडला, चारही एकदम बंद पडले तर आधी मागचा गॅस बघायचा. एवढं तर स्वयंपाकघरात कुणालाही कळतं.

गार्लंडने ऑर्व्हिलला विचारलं, "काय म्हणतेय रे तुझी बायको?"

"तिलाच विचार ना. कान शाबूत आहेत तिचे," ऑर्व्हिल म्हणाला.

जेवणाच्या वेळेला सगळे पांगले तेव्हा कुठे कामाला शांतता मिळाली. पिकअपच्या डब्यावर एक खटका असतो. तो दाबला की नुसते ट्रेलरचे ब्रेक लागतात, आणि वीज पोचली तर मॅग्नेट बारीक गुणगुणतात. माझ्या कानांना ते कुठलं ऐकू यायला? पण ऑर्व्हिलचे कान हल्ली मांजरासारखे झालेत. मी खटका दाबायचा, त्याने गुडघे टेकून चाकाला कान लावायचा, मग पुढच्या चाकाशी जायचं. एका चाकाशी "वाजतंय" म्हणाला, तर पुढच्याशी "गप्प". मागे वळून पहिल्याला पुन्हा कान लावला, तर तेही गप्प. मला रडू यायचं बाकी होतं, आणि रागही येत होता, मुख्य म्हणजे ब्रेंटचा.

शेवटी ऑर्व्हिलचे गुडघे बोलायला लागले. पिकअप आणि ट्रेलरच्या मधे तो लोखंडी दांडा असतो, त्यावर तो मटकन बसला. मी वैतागून नुसताच खटका दाबला.

"वाजतायत. चारही. इथून ऐकू येतंय," तो म्हणाला.

चाकाजवळ जायला उठला, तर गप्प. पुन्हा बसला, पुन्हा वाजायला लागली. योगायोग असेल म्हणून मी गार्लंडला हाक मारली. तो सँडविच चघळत आला, पुन्हा मॅग्नेटचं सुरू करणार तेवढ्यात मी त्याला दांड्यावर बसवलं. गार्लंड चांगला भारदस्त माणूस आहे. तो बसला की चाकं गात होती, उठला की मुकी. मी त्याला चार-पाच वेळा ऊठबस करायला लावली. त्या दिवशी पहिल्यांदाच गार्लंड तोंड न उघडता कुणाच्या उपयोगी पडला असेल.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्रेलरची मान पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसते. दांड्यावर वजन आलं की मान गोळ्यावर दाबली जाते, लोखंडाला लोखंड टेकतं. म्हणजे वीज परत येताना त्या गोळ्यातून येत होती. तिने तिथून यायचं कारणच नाही, तिच्यासाठी पांढरी अर्थिंगची वायर आहे. ती वायर कुठेतरी मेली होती, आणि बिचारी वीज मिळेल त्या फटीतून घरी पळत होती. गचका बसला की वाट उघडी, नाहीतर बंद.

आणि वाट बंद कशाने होत होती? ग्रीसने. इथल्या पुरुषांना त्या गोळ्याला ग्रीस चोपडायची भारी हौस, आणि निघायच्या आदल्या दिवशी ऑर्व्हिलने डोळ्यांना दिसत नाही म्हणून बोटांनी, अंदाजाने, दोन बोटं जाड थर दिला होता. एवढं लोणी मी पावालाही लावत नाही. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, गोळा कुरकुरू नये म्हणून लावलं. मी म्हटलं, गोळा नाही कुरकुरला रे, मी कुरकुरतेय.

दांड्याखाली वायरी जोडायची छोटी डबी आहे. ती उघडली. पांढरी वायर वरून झकास दिसत होती, स्क्रूही जागेवर. मी नुसती ओढून बघितली तर हातातच आली. टोकाचं कडं आतून हिरवं पडून भुगा झालं होतं. वायर तांबं चमकेपर्यंत सोलली, नवं कडं पकडीने दाबून बसवलं, लोखंडावरचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला आणि स्क्रू आवळला. ऑर्व्हिलने बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली. खटका दाबला. दांड्यावर कुणी बसो वा न बसो, चारही चाकं वाजत होती. मला वाटलं, ओढ्यापर्यंत नाचत जावं.

तोवर खुर्च्या पुन्हा जमल्या होत्या. गार्लंडने पुढे होऊन ऑर्व्हिलशी हस्तांदोलन करायला हात पुढे केला, शाब्बास म्हणाला, शोधून काढलंस बुवा. ऑर्व्हिलने आपले दोन्ही हात खिशात घातले.

"माझा कशाला धरतोस? तिचा धर. ग्रीसने काळा झालाय, पण हात तिचाच आहे."

गार्लंडने धरला. त्याचे कान लाल झाले होते. मला खोटं बोलता येत नाही, फार बरं वाटलं.

संध्याकाळी टेकडीवर जाऊन ब्रेंटला कळवलं की वर येऊ नकोस, डेटनच्या पेट्रोल पंपावर थांब, मी खाली येते. तो आधी नाहीच म्हणाला. मग म्हणाला, तुझ्या चाकांतून जराही धूर दिसला तर विषय संपला. बरं म्हटलं.

शनिवारी सकाळी निघालो. कॅम्पग्राउंडच्या रस्त्यावर दोनदा हळू चालवून, खटका दाबून बघितलं आणि मगच घाटाला लागले. खालचा गिअर, हलका ब्रेक, सोडायचा, पुन्हा हलका ब्रेक. ट्रेलर मागून निमूट येत होता. शेजारी ऑर्व्हिल मात्र प्रत्येक वळणाला उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबत होता, जसा काही तिथे ब्रेक होता. डोळे गेले तरी पायाची ड्रायव्हरकी गेली नव्हती. असे पाय दाबून दाबूनच त्याने आम्हाला इतकी वर्षं सुखरूप फिरवलं होतं.

अर्धा घाट उतरला असेल, आणि माझ्या लक्षात आलं की पाय थांबलाय. मी क्षणभर मान वळवून बघितलं. तोंड उघडं, टोपी नाकावर, ऑर्व्हिल घोरत होता. दुसऱ्याच्या गाडीत आयुष्यात ज्याचा डोळा लागला नाही, तो माणूस बिगहॉर्नच्या घाटात, ट्रेलर मागे असताना, माझ्या भरवशावर झोपला होता. माझा ऊर असा भरून आला की डोळे पुसायला हात मोकळा नाही याचाच राग आला.

पंपावर ब्रेंट हाताची घडी घालून उभा होता, मागे तो गाडी ओढणारा माणूस. मी थांबले. ब्रेंट एकेका चाकाशी वाकला, हात लावला, वास घेतला, आणि काहीच सापडलं नाही तेव्हा बापाशी भांडायला त्याच्या खिडकीशी आला. आणि तिथेच थांबला. किती तरी वेळ काचेतून आत बघत राहिला.

"घाटात झोपले?" त्याने विचारलं.

"अर्ध्या घाटापासून."

"माझ्या गाडीत कधी झोपले नाहीत."

तो त्या माणसाकडे गेला, त्याच्याशी काहीतरी बोलला, आणि तो माणूस गाडी वळवून निघून गेला. ब्रेंट परत माझ्या खिडकीशी आला, तेव्हा त्याचा आवाज पार उतरला होता.

"आई, आता पुढे कुठे?"

"हळू बोल," मी म्हटलं. "बाबा उठतील."