चार बरण्या

स्वयंपाकघराची फरशी उखडली होती आणि चार दिवस तिकडे फिरकायचं नाही असं गवंड्याने बजावलं होतं, म्हणून काकू बाहेर जेवायला आल्या. एरवी बाहेरचं खाणं म्हणजे त्यांच्या लेखी आजारपण. इलाज नसला की सोसायचं.

तीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक केला होता. काकू हे नाव तिथलंच, आणि काका हे पद त्यांच्या नवऱ्याला लग्नामुळे आपोआप मिळालेलं. काकूंच्या जेवणाला नावं ठेवायची मोठ्या डॉक्टरांचीही टाप नव्हती. घरी तर प्रश्नच नव्हता. छत्तीस वर्षांत काकांनी ताटात वरून मिठाचा कणही घेतला नव्हता. मीठ टेबलावर ठेवलेलंच नसे, ही गोष्ट वेगळी. पण काकू हे चारचौघांत अभिमानाने सांगत आणि काका शेजारी बसून मान डोलवत.

रस्त्याच्या कोपऱ्यावरचं ते थाई हॉटेल म्हणजे एक लांबट खोली होती. प्लास्टिकची लाल स्टुलं, पत्र्याची टेबलं, आणि दारातच भडकत्या जाळावर मोठी कढई. काकूंनी आधी कढई पाहिली, मग आचाऱ्याची नखं. दोन्हींत खोट सापडली नाही, त्यामुळे त्या जरा खट्टू झाल्या.

वाढणाऱ्या मुलीने नूडल्सचे दोन वाफाळते वाडगे आणले आणि मध्ये चार बरण्यांचं एक स्टँड ठेवलं. एकीत साखर, दुसरीत तिखट, तिसरीत मिरच्या घातलेलं व्हिनेगर आणि चौथीत माशांचा खारट सॉस.

"चव तुमची तुम्ही लावून घ्या," ती म्हणाली. "आमचा आचारी अर्धीच लावतो."

"का? अर्ध्या पगारावर आहे?" काकूंनी विचारलं.

"नाही हो. प्रत्येकाची जीभ वेगळी असते ना."

ती गेली. काकूंनी असलं काही आयुष्यात ऐकलं नव्हतं. जीभ एकच असते आणि ती स्वयंपाक करणाऱ्याची, या तत्त्वावर त्यांनी रोज चारशे माणसं जेवू घातली होती. त्यांनी एकाही बरणीला हात लावला नाही.

काकांचं उभं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं होतं. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला, चमचाभर रस्सा तोंडात घेऊन डोळे मिटले आणि वाडग्यात साखर घातली. दोन चमचे. मग व्हिनेगर, थेंब मोजून. पुन्हा चाखलं. किंचित तिखट. पुन्हा चाखलं, आणखी एक थेंब, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की काकू आपला वाडगा विसरल्या. आपल्या टेबलावर हा चेहरा त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

"तुम्हाला गोड आवडतं?"

"थोडं."

"आणि आंबट?"

"बऱ्यापैकी."

"मग माझ्या भाजीत काय कमी असायचं?"

काकांनी नूडल्स नीट चावून गिळल्या. "कमी असं काही नाही. पण ती तुझी भाजी असायची."

"तोंडाला काय कुलूप होतं? बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात. लिंबू मागितलं होतं."

"मग? दिलं नाही मी?"

"दिलंस. आणि दोन दिवस जेवली नाहीस."

काकूंना ते लख्ख आठवत होतं. फक्त आपल्यालाच आठवतं, असा त्यांचा समज होता. त्यांना लाज वाटली आणि लाज वाटल्याचा रागही आला. त्यांनी आपला वाडगा पुढे सरकवला.

"माझ्यातही घाला."

"तुला आवडेल की नाही..."

"घाला म्हणते ना."

काकांनी स्वतःच्या वाडग्यापेक्षा काकूंच्या वाडग्यावर जास्त वेळ घेतला. काकूंनी खोट काढायची म्हणून एक घास घेतला, मग त्याच कामासाठी आणखी चार घेतले. खोट निघेना. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी तिखटाच्या नावावर खपवलं.

"सोमवारपासून सकाळचा स्वयंपाक तुम्ही करायचा," त्यांनी फर्मान काढलं. "बघू किती दिवस टिकता."

ही शिक्षा होती. काका गयावया करतील आणि मग आपण मोठ्या मनाने माफ करू, असा काकूंचा हिशोब होता.

"बरं," काका म्हणाले. "सोमवारी आंबट वांगी. मंगळवारी भोपळा, गूळ घालून. बुधवारी अंडी, पण रस्सा पातळ. गुरुवारी..."

एका दमात ते रविवारपर्यंत पोचले. कुठे अडखळले नाहीत. काकूंचा चमचा हातातच राहिला.

"कधी ठरवलंत हे सगळं?"

"जेवताना," काका म्हणाले. "रोज."