वेगवान पायांची मुलगी

"बाबा, प्लीज डोन्ट. गाडीतच बसा ना."

अनुयाचं बोलणं पुरं व्हायच्या आत रवींद्र दार आपटून मैदानाकडे निघाला होता. कॅनडातल्या हॅमिल्टनचा ऑक्टोबरातला वारा कानांत शिरत होता. पण टोपी घ्यायला मागे फिरलो तर राग थंड होईल, या भीतीने तो तसाच चालत राहिला.

संशय घेण्यात रवींद्रचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऑफिसात कुणी गोड बोललं, तरी घरी येऊन तो त्या वाक्याची चिरफाड करी. त्यात कालची संघाची यादी! मुलींच्या फ्लॅग फुटबॉल, म्हणजे हाताने चेंडू फेकून, धक्काबुक्की न करता खेळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारी, सगळा खेळ चालवणारी, कोण? तर सोनेरी केसांची ब्रुक. आणि दोन वर्षं घरामागे टांगलेल्या टायरमधून चेंडू फेकून खांदा दुखवून घेतलेली अनुया? तिने नुसतं पळायचं आणि झेलायचं. का, तर कोच म्हणाले, "तुझे पाय फार वेगवान आहेत."

कौतुक करून बाजूला सारायची ही तऱ्हा रवींद्रला पाठ होती. तुझ्यासारखं काम कुणाला जमत नाही, असं ऐकत ऐकत त्याची बढती तीनदा दुसऱ्याला गेली होती.

कोडं एकच होतं. कोच वेंडल स्वतः काळे होते, पंचाहत्तरीचे. सकाळीच त्याने त्यांच्याबद्दल वाचलं होतं. त्यांच्या तरुणपणी अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांत काळे खेळाडू घेत, पण क्वार्टरबॅकची जागा बहुतेक गोऱ्यांसाठीच राखलेली. म्हणून हा माणूस कॅनडात आला आणि नऊ वर्षं चेंडू फेकत राहिला.

वेंडल बाकावर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होते.

"सर, तुम्ही इथे का आलात ते मी वाचलंय," रवींद्रने थेट सुरुवात केली. "तिकडे तुम्हाला फेकू देत नव्हते. आणि आता तुम्हीच माझ्या मुलीला..."

"ब्रुक चांगली फेकते."

"आणि अनुया?"

"तिचे पाय..."

वेंडल अर्ध्यावरच थांबले. पट्ट्यावरचा हातही थांबला. सापडला, रवींद्र मनात म्हणाला. आता सारवासारव सुरू होणार.

"मला तिकडच्या कोचांनी एकदाही फेकायला लावलं नव्हतं," ते म्हणाले. "पळवलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, पोरा, काय पाय आहेत तुझे!"

ते अनुयाकडे वळले. ती मागोमाग आली होती, पण शरमेने बापापासून दहा पावलं लांब उभी होती.

"मी तुला फेकायला लावलं होतं का गं?"

"नो, सर. यू जस्ट टाइम्ड मी."

"लाज वाटायला हवी मला," वेंडल म्हणाले आणि उठले. लंगडत तीस पावलं गेले, वळले, दोन्ही पंजे छातीसमोर धरले.

"फेक! नाही जमलं तर ब्रुकच राहील. पण बघून ठरवीन."

रवींद्रने तोंड उघडलं. वारा समोरून आहे, तिचा खांदा दुखतोय, उद्या बघू, सगळं जिभेवर आलं. पण म्हातारा खरंच वाट बघत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर शोधूनही लबाडी सापडेना. आता चेंडू कमी पडला तर बोट कुणाकडे दाखवायचं?

"बाबा, वॉच!" बाकाजवळचा चेंडू उचलत अनुया ओरडली.

रवींद्रने डोळे गच्च मिटून घेतले.