कुठंच न गेलेली मोटार

दहा वर्षांची मोटार आणि फिरली किती, तर दोनशे मैलसुद्धा नाही! आमगावच्या टेकचंद पटल्याला हे काही केल्या पटेना. धानाच्या शेतीचा धनी असला तरी माणूस बैलांच्या बाजारात वाढलेला. दात पाहिल्याशिवाय त्यानं कधी गोऱ्हाही घेतला नव्हता. आता मोटारीचे दात कुठं पाहायचे, सांगा.

तरी मोटार त्याला हवीच होती, आणि ती बायकोसाठी, दुलारीसाठी. तिरोड्याकडं नवा तलाव झाला, त्यात तिचं माहेरचं गाव गेलं. आई त्याआधीच वारली होती, बाकीचे पांगले. तेव्हापासून ही बाई उंबऱ्याच्या आत बसली ती बसलीच. कुणाचं लग्न असो की दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, "तुमी जा, मी कायले येऊ?" एवढंच बोलणं. टेकचंदचा जीव तुटायचा. तिनं पुन्हा बाहेर पडावं, हसावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पसंतीला म्हणून तिलाही त्यानं बळंच गोंदियाला आणलं होतं.

मोटारीचे मालक ईश्वरदास हे लाकडाचे जुने व्यापारी. वखारीमागच्या छपरात मोटार उभी होती. चैत्रातली दुपार, कौलांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या उतरलेल्या, आणि कुठून तरी मोहफुलांचा गोड, जड वास येत होता. दुलारी मुकाट मागच्या गादीवर जाऊन बसली. टेकचंदनं सोबत आणलेला मनिराम ड्रायव्हर मोटारीच्या खाली शिरला, वर आला, हात पुसत म्हणाला, "टायर सुकले, बाकी इंजन नवंकोरं हाये, मालक. मीटर बी खरा हाये. कोनी चालवलीच नाही."

"काऊन नाही चालवली?" टेकचंदनं म्हाताऱ्यालाच विचारलं. "काही खोट हाये का हिच्यात?"

ईश्वरदास हसले. "खोट कसली? आमच्या घरवालीला, रामबाईला, चालत्या गाडीत चक्कर यायची. मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं इथंच बसायचो. मी स्टिअरिंगचं चाक धरायचो, ती रस्ता सांगायची. काशी करून आलो, जबलपूरला गेलो. आता ती गेली. रास्ता बतानेवाला कोई नहीं, तर ठेवून काय करू?"

म्हातारा चळला, असं टेकचंदच्या मनात आलं. तेवढ्यात ईश्वरदास सवयीनं पुढं जाऊन बसले, चाकावर हात ठेवले आणि मान न वळवता म्हणाले, "कहाँ चलना है, बेटी?"

दुलारीनं हळूच आपल्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं.

"ते तं पान्यात गेलं," टेकचंद म्हणाला. त्याच्याकडं कुणी लक्षच दिलं नाही.

"चिचेच्या झाडापासून डावीकडं घ्या," दुलारी म्हणाली. चाक डावीकडं वळलं. "हळू. पोट्टे खेळून राहिले." चाक थबकलं. तिनं डोळे मिटले होते. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून, लाखोळीच्या शेताकडून ती रस्ता सांगत चालली, आणि आवाज कसा पोरीसारखा हलका झाला होता. टेकचंद खांबाला टेकून ऐकत राहिला. त्या घरी तो नवरदेव होऊन गेला होता, पण सगळं पार विसरला होता. आता त्यालाही ओसरी दिसायला लागली, ओल्या सारवणाचा वास आला. छपरातलं ऊन हलत होतं की मोटार, हे त्याला सांगता आलं नसतं.

"आलं घर," दुलारी म्हणाली आणि हसली. किती वर्षांनी तो हे हसू पाहत होता. डोळे न उघडताच तिनं बाजूची गादी थापटली. "तुमी बाहेरच काऊन उभे? आई इचारून राहिली, जवाई कोठी हायेत म्हणून."

टेकचंदनं पायातल्या वहाणा काढल्या, दार उघडलं आणि तिच्याजवळ जाऊन बसला.

मनिराम हँडल घेऊन पुढं आला. "सुरू करू का, मालक? एक चक्कर मारून पाहू."

"थांब गा जरा," टेकचंद म्हणाला. "सासू पाय धुवाले पानी आनून राहिली."